किसणी, पण माणसापेक्षा उंच

गाजर किसताना बोट सोललंय कधी? मग कलाकार मोना हाटूम यांची ‘ग्रेटर डिव्हाइड’ (२००२) ही कलाकृती बघाच. ओट्यावरची साधी किसणी, पण साडेसहा फुटांच्या वर, घडीच्या पडद्यासारखी उभी. अख्खं अंग सोलून निघेल असं वाटतं!

हाटूम पॅलेस्टिनी कुटुंबातल्या, जन्म बैरुतचा. १९७५ मध्ये लंडनला गेल्या आणि मागे लेबनॉनमध्ये यादवी पेटली, परतणं राहिलंच. त्यांच्या ‘होम’मध्ये (१९९९) टेबलावरच्या किसण्या-चाळण्यांतून खरोखरची वीज खेळते, दिवे मंदावतात, गुणगुण ऐकू येते.

माझी लाडकी मात्र ‘नो वे’ मालिकेतली स्टीलची रोवळी. भोकं सगळी नट-बोल्टांनी बुजवलेली. तांदूळ धुवायचं भांडं एकदम पाणसुरुंगासारखं दिसायला लागतं.