नवरदेव नसला तरी चालेल, व्याही पाहिजेत

लातूरच्या गंजगोलाईत बस्ता बांधायला आलेलं वऱ्हाड पाहिलंय? नवरी एक, साडी पसंत करणाऱ्या पंधरा. आता समजा, या नवरीला नवरदेवच नाही. पळून गेला म्हणून नव्हे, मुळात शोधलेलाच नाही. ती स्वतःशीच लग्न लावतेय! हसू नका, अशी लग्नं जगात वाजतगाजत लागली आहेत.

आपल्याकडे पहिला मान बडोद्याचा. २४ वर्षांच्या क्षमा बिंदूने ११ जून २०२२ ही तारीख धरली, देऊळही ठरवलं. बातमी फुटली आणि गदारोळ उठला. शहरातल्या एका राजकीय पुढारीणबाईंनी बजावलं, कुठल्याच देवळात हे होऊ देणार नाही. गुरुजींनी माघार घेतली. मग हिने तीन दिवस आधीच, ८ जूनला, घरातल्या घरात कार्य उरकलं. हळद, मेंदी, हार, सिंदूर, एकटीचे फेरे, सगळं यथासांग. मंत्र मात्र रेकॉर्डवरचे. मधुचंद्राचा बेत गोव्याचा. नवरी व्हायचंय पण बायको व्हायचं नाही, हा विचार तिला एका वेब सीरिजमधून सुचला होता. आपल्या कितीतरी आज्यांनी हा पर्याय आनंदाने घेतला असता, असा आमचा संशय आहे.

त्याच वर्षी टीव्ही अभिनेत्री कनिष्का सोनीनेही मंगळसूत्र घालून, भांगात सिंदूर भरून स्वतःशी लग्न केल्याचं जाहीर केलं. पण हे खूळ २०२२चं नाही. अमेरिकेत लिंडा बेकर या बाईंनी १९९३ सालीच चाळिशीचा वाढदिवस असा साजरा केला होता. १९९६ मध्ये तर बास्केटबॉलपटू डेनिस रॉडमन नवरीचा पांढरा झगा घालून न्यूयॉर्कमध्ये अवतरला आणि स्वतःशी लग्नाची भाषा करू लागला. खरं कारण होतं आत्मचरित्राची जाहिरात!

सगळ्यात मराठमोळा किस्सा मात्र ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेतला, २००३चा. नायिका कॅरी मैत्रिणीच्या घरी कार्यक्रमाला जाते. दाराशी काढून ठेवलेले तिचे महागडे बूट चोरीला जातात, आणि मैत्रीण पूर्ण भरपाई द्यायला कांकू करते. कॅरी मनात हिशेब मांडते: हिच्या साखरपुड्याला दिलं, लग्नाला दिलं, पोरांच्या बारशाला दिलं, आणि मी बिनलग्नाची म्हणून मला परत काहीच नाही? ती जाहीर करते, मी स्वतःशी लग्न करतेय, आहेर एकच पाहिजे, तेच बूट. आहेराची वही जपून ठेवणाऱ्या कुठल्याही मावशीला हे समजावून सांगावं लागणार नाही.

जपानी लोकांनी यातून धंदा काढला. क्योतोच्या सेर्का ट्रॅव्हल कंपनीने २०१४ मध्ये एकटीच्या लग्नाचं दोन दिवसांचं पॅकेज आणलं: झगा, केशभूषा, पुष्पगुच्छ, फोटो, हॉटेलचा मुक्काम. गंमत म्हणजे विवाहित बायकाही आल्या. पहिल्या लग्नात फोटो मनासारखे आले नसतील! ब्राझीलच्या क्रिस गॅलेरा या मॉडेलने २०२१ मध्ये स्वतःशी लग्न केलं आणि ९० दिवसांत स्वतःला सोडचिठ्ठीही दिली. दुसरं कुणीतरी आवडलं होतं म्हणे.

आता आपल्याकडे या. माणूस-नवरा नसलेलं लग्न आपल्याला नवं आहे का? कार्तिकात तुळशीचं लागतं. पाऊस लांबला की बेडकांचं लागतं. पत्रिकेत मंगळ कडक निघाला तर मुलीचं लग्न आधी मातीच्या कुंभाशी. तिसरं लग्न अशुभ मानणारे बुवा ते रुईच्या झाडाशी लावून मोकळे होत. मग खरी बायको चौथी! धाराशिव ओलांडलं की सोलापूर. तिथे संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत लाखभर लोक अक्षता टाकतात. कथा अशी की कुंभाराच्या मुलीला सिद्धरामेश्वरांशीच लग्न करायचं होतं. ते विरक्त, त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न लावायला सांगितलं. (खंडोबाला वाहिलेल्या मुरळीची गोष्ट मात्र या रांगेत घेत नाही. तिथे मुलीला कुणी विचारलेलं नसे.)

कायद्याचं काय? हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ५ म्हणतं ‘दोन हिंदू’. विशेष विवाह कायदा, १९५४, म्हणतो ‘दोन व्यक्ती’. म्हणजे एकटीचं लग्न कागदावर शून्य. फायदा असा की पुढे कुणी पसंत पडलाच तर दोन लग्नं केल्याचा गुन्हा लागत नाही. तोटा असा की ग्रामपंचायतीत नोंद होत नाही. महाराष्ट्राच्या नोंदणी अर्जावर तीन साक्षीदार लागतात. ते एका हाकेत मिळतील, पण पतीच्या रकान्यात काय लिहिणार?

खरी अडचण मात्र मांडवातली आहे. परण्या निघायचा तर मारुतीला जाणार कोण? अंतरपाट कुणाच्या मध्ये धरायचा? नवरीचा भाऊ कान कुणाचा पिळणार? उखाण्यात नाव कुणाचं? आणि सगळ्यात मोठा घोटाळा: मानपानावरून रुसायला विहीणबाईच नाहीत. ज्यांची खोड काढायची ती समोरची बाजूच नसेल, तर नांदेड-लातूरकडच्या लग्नाला चव कसली?

गोंधळाला मात्र काही अडत नाही. कार्यानंतर कुळाचा गोंधळ घालायचाच. माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे कदमराई, दोन्ही परंपरांचे गोंधळी याच टापूतले. संबळ वाजला की ते गावोगावच्या देवांना नावं घेऊन गोंधळाला बोलावतात. त्यांना सुपारी द्या, पोत पेटवायला तेल काढून ठेवा आणि जेवायला किती पानं धरायची तेवढं आधी विचारून घ्या.