परीक्षा भाषेची की बाकाची?

आमच्या भिवंडीत मोठ्याने बोलणे हा उद्धटपणा मानला जात नाही. ती सवय आहे. यंत्रमागाच्या खडखडाटात रोज बारा तासांची पाळी काढणारा माणूस घरी आला तरी हलक्या आवाजात बोलू शकत नाही. माझे वडील त्यांपैकीच एक. लहानपणी मला वाटे, सगळ्यांचेच वडील असे ओरडून बोलतात. आवाज हा अभ्यासाचा विषय असतो, हे मला कळले ते मात्र शाळेतल्या एका चाचणीमुळे.

मी आठवीत होतो. इंग्रजीच्या बाईंनी श्रवणाची चाचणी घेतली. टेबलावर मोबाइल ठेवून त्यावर एक उतारा लावला. वर्गात आम्ही साठ जण. मी शेवटून दुसऱ्या बाकावर. खिडकीपलीकडे माग चालू होते. पुढच्या बाकांवरील मुले भराभर उत्तरे लिहीत होती आणि मी त्यांच्या हलणाऱ्या हातांकडे पाहत होतो. पाचांपैकी एक गुण मिळाला. पुढच्या आठवड्यात मोबाइल बिघडला म्हणून बाईंनी दुसरा उतारा बाकांमधून फिरत स्वतः वाचला. त्यात मला चार गुण मिळाले. एका आठवड्यात माझे इंग्रजी काही चौपट सुधारले नव्हते. मग पहिल्या वेळी तपासले काय गेले? माझी भाषा की माझा बाक?

हा प्रश्न क्षुल्लक नाही. राज्य मंडळाच्या दहावीला भाषा विषयात ८० गुण लेखी परीक्षेचे आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. श्रवण आणि भाषण ही कौशल्ये त्यातच येतात. २०१८-१९ या वर्षी हे गुण काढून टाकण्यात आले. त्या वर्षी नवा अभ्यासक्रमही होता. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला आणि २०१९-२० पासून हे गुण पुन्हा सुरू झाले. ज्या गुणांवर एवढी चर्चा झाली, ते देताना वापरायच्या साधनांची चर्चा मात्र क्वचितच होते.

पूर्वी श्रवणाचे साधन एकच होते, ते म्हणजे शिक्षकांचा आवाज. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये कॅसेट आणली आणि पुढे टेपरेकॉर्डर शाळेत पोहोचला. त्याचे गुण होते तसे दोषही होते. फितीची खरखर ऐकू येई. सेल उतरले की फीत मंदावे आणि आवाज घोगरा होई. उतारा पुन्हा लावायचा तर नेमकी जागा सापडत नसे. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, त्यानंतर एमपी-थ्री आणि आता मोबाइल. खरखर गेली, वेग स्थिर झाला, हवे ते वाक्य क्षणात पुन्हा लावता येऊ लागले. ध्वनिमुद्रण सुधारले, यात शंका नाही.

परंतु मुद्रण सुधारत असताना ध्वनिक्षेपक, म्हणजे स्पीकर, मात्र लहान होत गेला. टेपरेकॉर्डरचा स्पीकर बशीएवढा असे. मोबाइलचा नखाएवढा असतो. तो एका माणसाने हातात धरून ऐकण्यासाठी बनवलेला आहे, साठ जणांच्या वर्गासाठी नव्हे.

मित्रहो, येथे थोडे शास्त्र पाहू. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर जेवढा आवाज, त्यापेक्षा आठ मीटरवर तो अठरा डेसिबलने कमी. वर्गात भिंतींमुळे एवढी घट होत नाही. पण भिंतींवरून परतणारा आवाज शब्दांत मिसळून ते पुसट करतो. मुलांना बोलणे नीट समजावे तर ते भोवतालच्या गोंगाटापेक्षा सुमारे पंधरा डेसिबल वर असावे लागते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये वर्गातील गोंगाटाची मर्यादा ३५ डेसिबल सुचवली. मागाच्या कारखान्यात आवाज ९० डेसिबलच्याही वर जातो. शेजारच्या वर्गात त्यातला थोडा अंश आला, तरी ती मर्यादा ओलांडायला पुरे.

शिवाय सगळे वर्ण सारखे बुडत नाहीत. स्वर ठणठणीत असतात. व्यंजने, विशेषतः शब्दाच्या शेवटची, दुबळी असतात. गोंगाटात ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ एकच वाटतात. मराठीत असा एखादा ध्वनी निसटला तरी आपण संदर्भाने तो भरून काढतो. ज्याच्या घरी इंग्रजी कुणी बोलतच नाही, त्याला ते भरून काढता येत नाही. म्हणजे गोंगाट सर्वांना सारखाच, पण त्याची किंमत सारखी नाही.

इतर देशांनी हा प्रश्न गंभीरपणे घेतला आहे. जपानमध्ये २००६ पासून विद्यापीठ प्रवेशाच्या इंग्रजी श्रवण परीक्षेत प्रत्येक परीक्षार्थ्याला कानाला लावायचे स्वतंत्र छोटे यंत्र दिले जाते. पहिल्याच वर्षी काही यंत्रे बिघडली, तेव्हा त्या मुलांना त्याच दिवशी पुन्हा परीक्षा देऊ दिली. दक्षिण कोरियात प्रवेश परीक्षेतील इंग्रजी श्रवणाच्या वेळी सुमारे अर्धा तास विमानांचे उड्डाण आणि उतरणे थांबवतात.

आपल्याकडे विमाने थांबवण्याची गरज नाही, आणि प्रत्येकाला यंत्र देणेही आज परवडणारे नाही. पण मोबाइलला तारेने जोडलेला एक चांगला स्पीकर वर्गाच्या मध्यभागी ठेवता येईल. साठांऐवजी पंधरा-पंधरा मुलांचे गट करता येतील. रस्त्यापासून आणि कारखान्यापासून दूरची खोली निवडता येईल, माग बंद असतात ती वेळ साधता येईल. ज्यांना कमी ऐकू येते त्यांची नोंद आधीच करून त्यांना पुढे बसवता येईल. आणि यंत्र फसले तर बाईंसारखे बाकांमधून फिरून वाचणे आहेच.

हा लेख लिहिताना मी वडिलांना ही सारी हकिगत सांगितली. माग चालू असताना कारखान्यात ते लोक हाताच्या खुणांनी बोलतात. समोरच्याला कळले की नाही, हे त्याच्या तोंडाकडे पाहून ठरवतात. ते नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “मग सुरू करायच्या आधी विचारायचं ना, मागच्यांना ऐकू येतंय का?”

यंत्र कोणतेही येवो, परीक्षा सुरू होण्यापूर्वी एक वाक्य वाजवून हा एवढा प्रश्न विचारला जावा आणि शेवटच्या बाकावरून हात वर झाल्यावरच पुढे जावे. त्याला खर्च काहीच लागत नाही.

(द्वितीय वर्ष, कला)