आठवणींचे दप्तर

आपल्या विद्यालयाच्या जनरल रजिस्टरची जुनी पाने चाळताना एक गोष्ट चटकन नजरेत भरते. सुरुवातीच्या वर्षांतील पुष्कळ मुलांची जन्मतारीख १ जून आहे. ही मुले काही एकाच दिवशी जन्मली नव्हती. आईवडिलांना तारीख सांगता येत नसे आणि नाव तर दाखल करायचे असे. मग गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवीत आणि १ जून लिहून टाकीत. माझ्या पिढीतील कित्येक शिक्षकांच्या सेवापुस्तकातही हीच तारीख आहे. दरवर्षी ३१ मे रोजी निवृत्तीच्या निरोप समारंभांची गर्दी उसळते, ती त्यामुळेच. रजिस्टरला बोल लावण्यात अर्थ नाही. प्रत्येकाच्या वाट्याला त्यात एकच ओळ येते आणि त्या ओळीतीलही एखादा रकाना अंदाजाने भरलेला असतो. उरलेले आयुष्य कोठे लिहिले जाते, हा प्रश्न इतिहासाची शिक्षिका म्हणून मला अनेक वर्षे सतावत आला आहे. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्याविषयीच लिहावे असे वाटले.

अशीच एक ओळ साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याने तेथे प्रवेश घेतला. रजिस्टरमधील क्रमांक १९१४. तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. एक मुलगा शाळेत दाखल झाला, एवढेच ती ओळ सांगते. तो मुलगा कोणत्या जगात वावरत होता, हे कळण्यासाठी बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवलेल्या आठवणींकडे वळावे लागते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने त्या ओळखल्या जातात. अस्पृश्यता म्हणजे काय, हे परदेशी वाचकाला कळावे म्हणून १९३५ च्या सुमारास त्यांनी हे प्रसंग लिहिले. त्यांतील पहिला प्रसंग १९०१ चा, म्हणजे शाळाप्रवेशानंतरच्याच वर्षाचा आहे.

वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून मुलांनी नवे कपडे शिवले. भरजरी टोप्या, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनावर उतरल्यावर न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर प्रथम आस्थेने बोलले, आणि मुलांची जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. गाडीवाले दुप्पट भाडे मिळाले तरी महारांची पोरे नेण्यास तयार होईनात; शेवटी गाडी मुलांनी हाकावी आणि गाडीवानाने बाजूने चालावे असे ठरले. शिदोरी सोबत होती, पण पिण्यायोग्य पाणी मिळाले नाही, म्हणून अन्न तसेच राहिले. रात्री टोलनाक्यावर आपण मुसलमान आहोत असे सांगूनही पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी मुले पोहोचली तेव्हा उलगडा झाला, तो असा की मुलांनी धाडलेले पत्र आले होते, पण नोकराने ते वडिलांच्या हाती दिलेच नव्हते.

विद्यार्थ्यांना हा प्रसंग शिकवताना मी त्यांना टोप्यांचा व धोतरांचा तपशील पुन्हा वाचायला लावते. पस्तीस वर्षांनंतर, एवढे ग्रंथ वाचलेल्या व लिहिलेल्या त्या थोर विद्वानाला तो तपशील आठवत होता आणि तो लिहावासाही वाटला. त्या कपड्यांमुळे मुलांचा उल्हास कळतो. उल्हास कळतो म्हणून तहान कळते. हे लेखन बराच काळ हस्तलिखिताच्या रूपात पडून होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले, आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतील १२ व्या खंडात त्याचा समावेश झाला. पन्नासहून अधिक वर्षे ते वाट पाहू शकले, याचे कारण ते कागदावर उतरलेले होते. माणसाच्या मनातील आठवणीला एवढी सवड नसते.

हे मी स्वतःच्या अनुभवाने जाणते. माझी आत्या १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षाभूमीवर होती. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बुलढाणा जिल्ह्यातील आमच्या गावची मंडळी पायी नांदुऱ्याला आली व तेथून रेल्वेने पुढे गेली, एवढे मी लहानपणापासून ऐकत होते. एम.ए. करताना मी मोडी शिकले, शकांचे इसवी सनात रूपांतर करण्याचे कोष्टक पाठ केले, पेशवे दप्तराचे खंड ग्रंथालयात बसून चाळले; आणि घरी ज्वारी निवडत बसलेल्या प्रत्यक्ष साक्षीदाराला एकही प्रश्न विचारला नाही. इतिहास म्हणजे जो बांधणी केलेल्या पुस्तकात असतो तो, अशी माझी समजूत होती, दुसरे काय! अखेर विचारले तेव्हा आत्या पंचाहत्तरीच्या पुढे होती आणि आठवणींचे धागे सुटू लागले होते. ‘मले काय इचारतं माय, मी त लहानशी होती,’ हे तिचे पहिले उत्तर.

बाबासाहेब काय बोलले ते तिला सांगता आले नाही. गर्दीत ती फार मागे होती. तिला आठवत होते ते आजीचे लुगडे. दीक्षेसाठी शुभ्र वस्त्र हवे होते आणि आजीजवळ पांढरे लुगडे नव्हते. तिने मांजरपाटाचे दोन तुकडे जोडून लुगडे केले, आणि तो जोड कोणाला दिसू नये म्हणून रेल्वेत ती त्यावर हात ठेवून बसली होती. दीक्षा समारंभाचे जे वृत्तान्त मी वाचले आहेत, त्यांत लाखोंचा समुदाय आहे, शुभ्र वस्त्रांचा सागर आहे. ही शिवण मात्र त्यांत नाही. ती माझ्या वहीच्या अडीच पानांत आहे, कारण आत्याने सांगितलेले एवढेच मी टिपू शकले. पुढच्याच हिवाळ्यात ती गेली.

आपल्या धम्माच्या इतिहासातही असा एक प्रसंग आहे. तथागतांचे उपदेश कित्येक शतके भिक्खूंच्या मुखातून मुखात चालत आले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळात, सिंहल द्वीपावर दुष्काळ व युद्ध ओढवले. पाठांतर करणारे भिक्खूच मरू लागले, तेव्हा अलुविहार येथे तिपिटक प्रथम लिहून काढण्यात आले, असे परंपरा सांगते. एक ग्रंथ तर त्या वेळी एकाच भिक्खूच्या मुखी उरला होता, असे अट्ठकथेत म्हटले आहे. नागपूरला आईचे बोट धरून गेलेली मुलेही आज सत्तरीच्या पलीकडे आहेत. आपल्या प्रत्येक वस्तीत एकाच मुखी उरलेले काहीतरी असणारच.

मग लिहावे कसे? प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. आठवणी लिहिणे म्हणजे आत्मचरित्र लिहिणे, आणि आत्मचरित्र लिहावे ते मोठ्या माणसांनी, असे आपण धरून चालतो. आपल्या लेखकांनी ‘आत्मकथन’ किंवा ‘स्वकथन’ हे शब्द रुळवले, त्यामागे वेगळी दृष्टी आहे. त्यात यशाचा चढता आलेख असण्याची गरज नसते. जे भोगले, जे पाहिले, ते सांगायचे असते. म्हणून जन्मापासून आरंभ करू नये, असे मी सुचवते. जन्माचे आपल्याला काही आठवत नाही आणि पहिल्याच पानावर लेखणी अडते. एखाद्या वस्तूपासून सुरुवात करावी. वसतिगृहात आणलेली पत्र्याची पेटी, आईचा विळा, वस्तीतील रॉकेलची चिमणी. त्या वस्तूला लागून माणसे येतात, माणसांमागून प्रसंग येतात.

सालांचा प्रश्न वृद्धांना फार छळतो. ‘कोणत्या वर्षी?’ असे विचारले की ते गप्प होतात, आपल्याला काहीच येत नाही असे त्यांना वाटू लागते. त्याऐवजी ज्ञात घटनांचे खुंटे पुढे करावेत. धर्मांतराच्या आधी की नंतर? कोयनेचा भूकंप झाला त्याच्या आधी की नंतर? सुकडी वाटत होते त्या दुष्काळात तू केवढी होतीस? लग्न ‘मिलोच्या साली’ झाले असे उत्तर आले, की १९७२ च्या आसपासचा काळ हाती लागतो. मराठवाड्यातील घर असेल तर नामांतराचा लढा हा असा खुंटा आहे. तेथे १९७८ चे जाळपोळीचे दिवस आणि १४ जानेवारी १९९४ हा दिवस सहसा कोणी विसरत नाही.

पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवणे, हा मला सर्वांत महत्त्वाचा नियम वाटतो. पुष्कळशा सुत्तांच्या आरंभी, हे आपण ऐकलेले आहे, अशी ग्वाही दिलेली असते. आपण ती रोजच्या सवयीने ऐकतो, पण इतिहासाच्या दृष्टीने ती केवढी प्रामाणिक आहे! आजीने स्वतः पाहिले ते तसे लिहावे, आजीला तिच्या सासूने सांगितले ते तसे लिहावे. पुस्तकातील माहितीशी आठवण जुळली नाही तर ती गुपचूप दुरुस्त करू नये. समासात नोंद करावी आणि दोन्ही ठेवावे. बोलीही सुधारू नये. ‘मले’ चे ‘मला’ केले की आत्या बोलायची थांबते आणि मी बोलू लागते. येसकर पाळी, तराळकी, बलुते, पाडेवार हे शब्द आजच्या मुलांना ठाऊक नसतात. ते शब्द जसेच्या तसे लिहून त्यांचा अर्थ सांगणाऱ्याच्याच तोंडून घ्यावा.

लाजेचा प्रश्न याहून अवघड आहे. आत्याच्या अडीच पानांतील एक गोष्ट मी चार वर्षे वहीबाहेर ठेवली होती. नागपूरहून परतल्यावर वस्तीने देव्हाऱ्यांतील देव पूर्णेत सोडले. आजीनेही सोडले. पण एक पितळी टाक तिने ज्वारीच्या कणगीत लपवून ठेवला होता. धाकटे पोर तापाने फणफणले होते आणि तिचा धीर झाला नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेली आजी! बुद्धवंदनेने दिवस सुरू होणाऱ्या विद्यालयाच्या स्मरणिकेत हे लिहावे का, याचा मी पुष्कळ विचार केला. लिहिते आहे, कारण हे गाळले तर माझी आजी भाषणातील आजी होईल. शतकांची भीती एका दुपारी नदीत सोडणे किती कठीण होते, हे त्या कणगीमुळे मला समजले. तो टाक पुढे कोठे गेला, हे आत्याला सांगता आले नाही.

दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, तेव्हा आपल्यांतीलच काही शिकलेल्या मंडळींना वाटले की वस्तीची लक्तरे उगीच चव्हाट्यावर मांडली. पवारांनाही ते सांगणे सोपे गेले नसावे. त्या पुस्तकात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो, म्हणजे एकाच माणसातील दोघे समोरासमोर बसतात. ज्यांना ‘मी’ लिहिताना हात थांबतो, त्यांनी ही वाट लक्षात ठेवावी. दुसऱ्याच्या लाजेविषयी मात्र वेगळा न्याय हवा. हयात व्यक्तीची गोष्ट तिला विचारल्याशिवाय लिहू नये; लिहावीच लागली तर नाव बदलावे.

स्त्रियांच्या वाटेत तर लाजेखेरीज भयही होते. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवीत. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतील वर्तमानपत्रे वाचता वाचता त्यांची वाचनाची ओढ वाढली, आणि दुकानात बसूनच त्यांनी लिहिले. ते घरच्यांपासून सुमारे वीस वर्षे लपवून ठेवले. ‘जिणं आमुचं’ प्रथम ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. फलटणजवळच निंबुरे येथे त्यांनी मागास समाजांतील मुलांसाठी निवासी शाळा काढली, हे आपल्या विद्यालयातील मुलींना मी आवर्जून सांगते. शांताबाई कांबळे शिक्षिका होत्या; निवृत्तीनंतर त्यांनी ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ लिहिली. ज्यांना स्वतः लिहिणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना शोधून काढून त्यांच्या मुलाखती घेतल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे १९८९ चे पुस्तक त्यातून उभे राहिले. ते नसते तर त्यांतील कित्येक जणींची नावेही आज उरली नसती.

आपल्या विद्यालयात गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आठवी-नववीच्या मुलांना आम्ही एकेक वही दिली. घरातील सर्वांत वयस्कर माणसाला शाळेचा पहिला दिवस विचारून यायचे, एवढेच काम. सर्व वह्या परत आल्या नाहीत. काहींत चारच ओळी होत्या. एका मुलाने आपल्या आजीचे लिहून आणले. आजी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत गेली, पोर रडू लागले, तिला घरी जायला सांगितले, आणि पाटी शाळेतच राहिली. पुढे ती कधी गेली नाही. शेवटी कंसात मुलाने लिहिले होते, ‘हे सांगताना आजी हसत होती.’ ती वही ग्रंथालयातील कपाटात आहे.

त्याच कपाटात माजी विद्यार्थ्यांच्या पानांसाठी एक कप्पा मोकळा ठेवला आहे. संस्थेच्या अहवालात ‘सभागृहाचे बांधकाम पूर्ण झाले’ एवढेच वाक्य आहे. रविवारच्या श्रमदानात दगड कोणी वाहिले, ते तुम्हीच लिहायचे आहे. अनुदान रखडले त्या वर्षी भोजनगृहात तीन महिने काय शिजत होते, हे अहवालात नाही. ते ठाऊक असलेले स्वयंपाकी मामा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. येत्या रविवारी नववीच्या दोन मुली वही घेऊन त्यांच्या घरी जाणार आहेत. मामांना कमी ऐकू येते, म्हणून मोठ्या आवाजाच्या मुली मी मुद्दाम निवडल्या आहेत.