क्रिकेट त्यांचं, शनिवार-रविवार कुणाचा?

रविवारी सकाळी घरात बॅटची शोधाशोध सुरू झाली की आपल्यापैकी पुष्कळजणींच्या कपाळाला आठी पडते. “जेवायला किती वाजता येणार?” असं विचारावं, तर “मॅच कशी होते त्यावर आहे” हे ठरलेलं उत्तर. मग आमटी झाकून ठेवायची आणि वाट बघायची! मैत्रिणींनो, हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असं मात्र समजू नका. ज्या इंग्लंडात हा खेळ वाढला, तिथल्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनीही ते पिढ्यान्‌पिढ्या काढलं आहे. अलीकडे मात्र त्यांनी त्याचा हिशोब मांडायला सुरुवात केली आहे, आणि तो आपल्याही उपयोगी पडेल असा आहे.

आमच्या ह्यांच्या नोकरीमुळे कोरोनानंतरचे दोन उन्हाळे मला सरे परगण्यातल्या एका लहान गावात काढायला मिळाले. गावाच्या मधोमध हिरवंगार मैदान, एका कडेला चर्च, दुसऱ्या कडेला पब आणि मैदानाकडे तोंड करून लाकडी पॅव्हिलियन. बाद झालेला फलंदाज ‘तंबूत परतला’ असं आपण म्हणतो ना, तो ‘तंबू’ म्हणजे हेच पॅव्हिलियन. आत कपडे बदलायच्या दोन खोल्या, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो आणि मागच्या बाजूला एक चिंचोळं स्वयंपाकघर. हे मैदानावर असत आणि मी बहुतेक वेळ त्या स्वयंपाकघराच्या दारात. त्यामुळे खेडेगावातलं क्रिकेट मला मागच्या दारानेच दिसलं म्हणा ना!

शनिवार सासरचा, रविवार माहेरचा

तिथला मोसम एप्रिलच्या अखेरीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्याला आटोपतो. मधल्या साऱ्या शनिवार-रविवारांवर क्रिकेटचा हक्क! शनिवारी लीगचे, म्हणजे साखळी सामने. षटकं ठरलेली, गुण ठरलेले, नियम काटेकोर. मोसमाच्या शेवटी गुण जास्त झाले तर वरच्या गटात बढती, कमी पडले तर खालच्या गटात घसरण. त्यामुळे शुक्रवारी रात्री कर्णधाराचे फोन सुरू होतात. कुणाच्या पाठीत चमक भरलेली असते, कुणाकडे लग्न असतं. आणि अकरा जण तर भरायलाच हवेत!

रविवारी दोस्तीचे सामने. तिथे गुण नाहीत, बढती-घसरण नाही. पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचे साठी उलटलेले आजोबा एकाच संघात दिसतात. जुन्या पद्धतीने घड्याळावर खेळणारे क्लब अजून आहेत. एका संघाने खेळायचं, पुरेशा धावा झाल्या असं वाटलं की आपणहून डाव सोडायचा आणि दुसऱ्याला बोलवायचं. कितीचं आव्हान ठेवावं यात कर्णधाराचं मन कळतं. फार ठेवलं तर सामना मरतो, फार थोडं ठेवलं तर हातचा जातो. दिवसभर खेळून सामना अनिर्णित राहिला तरी कुणाला वाईट वाटत नाही.

मला तर वाटे, शनिवार म्हणजे सासरचं जेवण. सगळं रीतीप्रमाणे आणि चुकलं की बोल. रविवार म्हणजे माहेरचं जेवण. वाढणारे हात मोकळे, खाणाऱ्याचं मन मोकळं!

पण घरातल्या बाईच्या दृष्टीने दोन्ही दिवस सारखेच. दुपारी एकच्या सुमाराला सुरू झालेला सामना संध्याकाळी सात वाजेपर्यंत चालतो. परगावी असेल तर जायचा-यायचा वेळ वेगळा. त्यानंतर पबमध्ये बसून झालेल्या सामन्याची उजळणी. म्हणजे उठल्यापासून दिवेलागणीपर्यंतचा दिवस संपला. दोन्ही दिवस खेळणारे महाभाग असतातच. त्यांच्या बायकांना तिथे ‘क्रिकेट विधवा’ असा गमतीचा शब्द आहे. आपल्या कानाला तो कसासाच लागतो, नाही का?

सव्वीस माणसांचा चहा

तिथल्या क्रिकेटची खास गोष्ट म्हणजे दोन डावांच्या मधला चहा. नुसता कपभर चहा असं समजू नका हं! अंड्याची, काकडीची, हॅमची सँडविचेस, मध्ये जॅम भरलेला स्पंज केक, स्कोन आणि मोठ्या पिंपात उकळत ठेवलेलं पाणी. पाहुण्या संघाला आपल्या गावचा चहा आवडला पाहिजे, ही इभ्रतीची गोष्ट. कुठल्या गावचा केक चांगला, हे खेळाडूंना विरोधी गोलंदाजांपेक्षा जास्त पाठ असतं.

आता आपण गृहिणी आहोत, तर हिशोब करून पाहू. दोन संघांचे बावीस, पंच दोन, गुणलेखक दोन, अशी सव्वीस माणसं. माणशी सहा तुकडे धरले तर एकशे छप्पन्न. एका सँडविचचे चार तुकडे, म्हणजे एकोणचाळीस सँडविचेस आणि पावाचे अठ्ठ्याहत्तर काप. त्यांना लोणी लावा, मध्ये सारण भरा, कडा कापा आणि वाळू नयेत म्हणून ओल्या फडक्याखाली झाका. माणशी दोन कप चहा म्हणजे बावन्न कप. तेवढेच पुन्हा विसळायचे. अर्ध्या तासात सगळं फस्त होतं आणि मंडळी हात पुसत मैदानावर जातात. स्वयंपाकघरातल्या बाईचा मात्र आदल्या संध्याकाळपासून सामना संपेपर्यंतचा वेळ गेलेला असतो.

शिवाय पांढऱ्याशुभ्र पँटींवरचे गवताचे डाग! ते काढायची रीत आपल्यालाही उपयोगी आहे. डागावर आधी गरम पाणी ओतू नका, तो पक्का बसतो. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन डाग टिपा (कापडाला चालतं का ते आतल्या शिवणीवर आधी पाहून घ्या). मग साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. डाग पूर्ण गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. आणि ही रीत एकदा खेळणाऱ्यालाही शिकवून ठेवा!

बाई हात वर करते, मगच पुढचा चेंडू

या साऱ्यात एक काम मला मनापासून आवडलं, ते गुणलेखनाचं. गावातल्या एक वयस्कर बाई कित्येक वर्षं क्लबची वही सांभाळत होत्या. त्यांनी मला शेजारी बसवून शिकवलं. धाव न झालेल्या चेंडूला टिंब, बाद झाल्याची खूण, वाइड आणि नोबॉलची वेगळी चिन्हं. षटक संपलं की ताळा जुळला पाहिजे. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर धावा बरोबर एकूण धावा, आणि तीच बेरीज गोलंदाजांच्या बाजूनेही यायला हवी. महिन्याच्या खर्चाची वही लिहिणाऱ्या बाईला हे अवघड नाही.

आणि गंमत पाहा. पंचांनी चौकाराची खूण केली की गुणलेखकाने हात वर करून ‘पाहिलं’ असं कळवायचं असतं. ते होईपर्यंत पंचांनी खेळ पुढे जाऊ द्यायचा नाही, असा क्रिकेटचा कायदाच आहे. कडेला खुर्चीत बसलेल्या त्या बाईचा हात वर झाल्याशिवाय बावीस पुरुषांचं काम अडून राही, हे पाहून मला फार बरं वाटे!

मैदान बायकांचंही होतं

क्रिकेट पुरुषांचं आणि चहा बायकांचा, ही वाटणी मुळापासूनची असेल असं मला वाटे. तशी ती नाही. २६ जुलै १७४५ रोजी याच सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळच्या गॉस्डेन कॉमनवर ब्रॅम्ले आणि हॅम्बल्डन या दोन खेड्यांतल्या मुलींचा सामना झाला. सगळ्या पांढऱ्या पोशाखात, एका संघाच्या निळ्या फिती, दुसऱ्याच्या तांबड्या. हॅम्बल्डनच्या मुलींनी १२७ धावा केल्या, ब्रॅम्लेच्या मुलींनी ११९. ही बातमी तेव्हाच्या वृत्तपत्रात आली होती.

पुढे १८८७ मध्ये बायकांचा पहिला क्लब निघाला, १९२६ मध्ये त्यांची संघटना झाली. क्रिकेटचा पहिला विश्वचषक तर बायकांनीच खेळला, १९७३ मध्ये. पुरुषांचा त्यानंतर दोन वर्षांनी! तरीही लॉर्ड्‌सच्या नामांकित एमसीसी क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला १९९८ साल उजाडावं लागलं. हा क्लब १७८७ सालचा, म्हणजे दोनशे अकरा वर्षं लागली. २०२३ मध्ये तिथल्या एका स्वतंत्र आयोगाने अहवाल देऊन स्पष्ट सांगितलं, की इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये बायकांना अजून दुय्यम वागणूक मिळते.

चहाचं काय झालं?

कोरोनामुळे २०२० मध्ये खेळ उशिरा सुरू झाला आणि चहा बंद पडला. ज्याने त्याने आपला डबा आणायचा. दोन उन्हाळे तसे गेल्यावर अनेक लीगनी चहाची सक्ती काढून टाकली. आमच्या गावात यावरून बरीच चर्चा झाली. तरुण बायका म्हणाल्या, सुटलो! वयस्कर बाईंना मात्र रुखरुख लागली. त्या म्हणत, “त्या स्वयंपाकघरात आमच्या मैत्री झाल्या. चहा गेला की पाहुण्यांशी बोलायचं कधी?”

मला दोघींचंही पटलं. काम नकोसं असतं, पण त्याच्याभोवती जमलेली माणसं हवीशी असतात. हे आपल्याला हळदीकुंकवापासून दिवाळीच्या फराळापर्यंत ठाऊक आहे. शेवटी क्लबने मधला मार्ग काढला. शनिवारी आपापला डबा आणि रविवारी मात्र पूर्वीसारखा चहा. पण तो खेळणाऱ्यांनी पाळीपाळीने करायचा. पाळीचा कागद पॅव्हिलियनच्या दारावर, त्यावर खेळाडूंची नावं. त्यांच्या बायकांची नव्हेत! सामानाचे पैसे सामन्याच्या वर्गणीतून. आमच्या ह्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी बटाट्याची भाजी भरून सँडविचेस केली. ताट सगळ्यांत आधी रिकामं झालं आणि त्या रविवारी मी गवतावर बसून नुसता सामना पाहिला.

आता आपल्याकडे

आमची सात वर्षांची लेक तिथे शुक्रवारी संध्याकाळी मुलामुलींबरोबर खेळायला जाई. इथे परत आल्यावर तिने विचारलं, “आई, इथे मुलींचं कधी असतं?” कॉलनीतल्या मुलांनी तिला चेंडू आणून द्यायचं काम दिलं होतं. मी काय उत्तर देणार?

खरं तर उत्तर आपल्याजवळ आहे. बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ मध्ये आपल्या पुण्यातच झाली. स्मृती मानधना सांगलीत वाढली. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा घरोघरी फटाके वाजले. फटाके वाजवणाऱ्या घरांतून मैदानावर मुली किती जातात, ते मोजायला हवं.

म्हणून चार गोष्टी सुचवते. करून पाहा:

१. कॉलनीची किंवा मंडळाची स्पर्धा ठरली, की पोहे-चहाचा खर्च प्रवेश फीमध्येच धरायला सांगा. कामाची पाळी खेळणाऱ्यांच्या नावाने कागदावर लावा.

२. गुणलेखन शिकून घ्या. वही, दोन रंगांची पेनं आणि दोन रविवार पुरतात. चौथी-पाचवीतल्या मुलांची बेरीज त्याने पक्की होते, हे मी शाळेत करून पाहिलं आहे.

३. खेळाचा रविवार आणि घरचा रविवार आधीच कॅलेंडरवर लिहा. महिन्यातले दोन त्यांचे असतील तर एक तुमचा. त्या दिवशी घर ते सांभाळतील.

४. मुलींसाठी आठवड्यातली एक वेळ मागून घ्या. एकट्या मुलीला मुलं हाकलतात, पाच जणी एकदम आल्या की त्यांना संघ म्हणतात.

आमच्या कॉलनीत सध्या मंगळवारी आणि शनिवारी साडेपाचची वेळ मुलींची आहे. सुरुवात चौघींनी केली, आता नऊजणी येतात. अजून दोघी मिळाल्या की अकरा होतील. वही मी तयार ठेवली आहे.