कृत्रिम हृद्‌झडपा व रक्तक्लथन

कृत्रिम हृद्‌झडपा व रक्तक्लथन : परक्या पृष्ठभागाशी संपर्क येताच रक्तातील प्रथिनांचा थर त्यावर बसतो, त्याला बिंबाणू चिकटतात आणि फायब्रिनाच्या जाळ्यात गुठळी (क्लथ) धरते. गुठळीमुळे झडप अडकते किंवा गुठळीचा तुकडा मेंदूत जाऊन पक्षाघात होतो.

स्टार-एडवर्ड्‌स झडपेत (१९६०) पिंजऱ्यात सिलिकोन रबराचा चेंडू असे. त्याच्याभोवती रक्तप्रवाहात भोवरे निर्माण होत. त्यामुळे गुठळ्यांचा धोका मोठा होता. सेंट ज्यूड झडपेची (१९७७) दोन अर्धवर्तुळाकार पाती उष्णताविघटनाने मिळविलेल्या कार्बनाची असतात. हा पदार्थ गुळगुळीत व अतिशय टिकाऊ असला, तरी बिजागरीपाशी रक्त साकळू शकते. तिरुअनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेच्या झडपेत (१९९०) कोबाल्ट मिश्रधातूच्या चौकटीत पॉलिएथिलिनाची तबकडी असते. पदार्थ कोणताही असो, यांत्रिक झडप बसविल्यावर वॉरफेरीन हे क्लथनरोधक औषध आजन्म घ्यावे लागते. अलिंद व निलय यांमधील झडपेच्या जागी प्रवाह मंद असल्याने तेथील धोका महाधमनीच्या झडपेपेक्षा अधिक असतो.

डुकराची झडप किंवा गोवंशीय प्राण्यांचे परिहृद्‌ ग्लुटाराल्डिहाइडाने संस्कारित करून बनविलेल्या झडपांना पहिले काही महिने वगळता हे औषध सहसा लागत नाही. मात्र तरुणांत त्या कॅल्शियम साचून लवकर निकामी होतात. संधिवाती ज्वराने झडप बिघडलेल्या तरुण स्त्रीच्या बाबतीत निवड विशेष कठीण असते. वॉरफेरीन गर्भास अपायकारक ठरू शकते, ते थांबवावे तर गुठळीचे भय, आणि ऊतकझडप निवडल्यास पुढे पुन्हा शस्त्रक्रिया जवळजवळ अटळ असते.