यकृताशी ओळख (लेखांक ७) : गोळीची घाई नको

बाळंतपणात आईकडून बाळाला हिपॅटायटिस बीची लागण झाली आणि जन्मतःच लस मिळाली नाही, तर दहातल्या नऊ बाळांच्या यकृतात हा विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो, हे आपण मागच्या आठवड्यात पाहिलं. पुढे कधीतरी रक्ततपासणीत ते उघडकीला येतं. रिपोर्टमध्ये व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) कोटींच्या घरात असतो, यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी मात्र नॉर्मल. आईवडील विचारतात, ‘‘डॉक्टर, औषध कधी सुरू करायचं?’’ उत्तर मिळतं, ‘‘आत्ता नको. दर सहा महिन्यांनी तपासत राहू.’’ हे ऐकून आईवडिलांचा जीव खाली-वर होणारच. पण त्या ‘नको’मागे मोठा अनुभव आहे.

हा विषाणू रोज अब्जावधींनी वाढतो. त्याच्या जनुकांची नक्कल करणारं विकर चुका तपासत नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत थोडेफार बदललेले विषाणू निपजतात. औषध नसताना त्यांना विशेष फायदा नसतो. औषध सुरू झालं, की मूळचे दबतात आणि त्या औषधाला दाद न देणारे फोफावतात.

लॅमिवुडिन या औषधाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. मुलांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वर्षभराच्या उपचारानंतर २३ टक्के मुलांना अपेक्षित गुण आला. नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांतही १३ टक्क्यांना आला होता. आणि त्याच एका वर्षात औषध घेणाऱ्या १९ टक्के मुलांमध्ये प्रतिरोधी विषाणू सापडला. तीन वर्षं औषध चालू राहिलेल्यांत हे प्रमाण ६४ टक्क्यांवर गेलं! बदल केवढा, तर त्या विकराच्या साखळीत २०४ क्रमांकाच्या जागी मेथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन किंवा आयसोल्युसिन. तेवढ्यानं लॅमिवुडिनला तिथे बसायला जागा उरत नाही.

नुकसान एका औषधापुरतंही राहत नाही. एन्टेकाविर या दुसऱ्या औषधाला चकवायला विषाणूला एकाहून अधिक बदल लागतात. त्यातले पहिले लॅमिवुडिननं आधीच घडवून ठेवलेले असतात. लॅमिवुडिन कधीच न घेतलेल्या प्रौढ रुग्णांत पाच वर्षांनी एन्टेकाविरला प्रतिरोध शंभरात एखाद्यालाच आढळला. लॅमिवुडिन निकामी झालेल्यांत जवळपास निम्म्यांना. लहानपणी घाईनं सुरू केलेली गोळी त्या मुलाच्या विशीतला, तिशीतला पर्याय हिरावून घेऊ शकते, हे मला फार गंभीर वाटतं.

याचा अर्थ औषध टाळायचं असा मुळीच नाही. एसजीपीटी वाढलेलं राहिलं, यकृताला इजा दिसू लागली, तर एन्टेकाविर किंवा टेनोफोविर द्यावंच लागतं. मग मात्र खाडा चालत नाही. एन्टेकाविर रिकाम्या पोटी घ्यायचं असतं, खाण्याच्या आधी आणि नंतर दोन-दोन तासांचं अंतर ठेवून. मूल मे महिन्यात मामाकडे गेलं, की हे वेळापत्रक हमखास कोलमडतं. म्हणून व्हायरल लोड अचानक वाढला, तर प्रतिरोधाची शंका घेण्याआधी डॉक्टर विचारतात, ‘‘डोस चुकले का?’’ आईवडिलांनी संकोच न करता खरं ते सांगावं. त्या उत्तरावरच औषध बदलायचं की नाही, हे ठरतं.

पुढील आठवड्यात : जन्मानंतर २४ तासांच्या आतली लस