खो-खोतलं गणित

चौथीतली भाची परवा म्हणाली, "मामा, वर्गात बाईंनी सम-विषम शिकवलं तेव्हा कंटाळा आला. मैदानावर बसल्यावर डोक्यात शिरलं!"

खरंच की! खो-खोत मधल्या पाटीवरच्या चौकोनांत ८ जण बसतात, शेजारच्यांची तोंडं विरुद्ध दिशांना. विषम चौकोनातले एकीकडे, सम चौकोनातले दुसरीकडे. नववा पाठलागाला. समोरचे धावपटू तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, म्हणजे तीनचा पाढाही आलाच. शिवाय पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, म्हणून खो कधी द्यायचा हे आधीच ठरवावं लागतं.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत याच खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले. कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोघेही महाराष्ट्राचे!

गुडघे खरचटले तरी खेळू द्या पोरांना.